चौदा पॉइंट तीन म्हणजे साडेचौदा

नेट रनरेट काढणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही आणि बीडच्या बार्शी रोडवरच्या आमच्या टपरीवर ते बिनचूक येणारा माणूस एकच आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगणार नव्हतो. दुसरं कुणीतरी सांगेल म्हणून बरीच वर्षं वाट पाहिली. आता निवृत्ती जवळ आली.

बाकीचे लोक मोबाइल काढतात, कॅल्क्युलेटर उघडतात आणि चौदा षटकं तीन चेंडूंचे सरळ 14.3 टाकून मोकळे होतात. अरे, षटकात चेंडू सहा असतात, दहा नव्हे! तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. 14.3 म्हणजे साडेचौदा, तिथं 14.5 टाकायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर अपूर्णांक शिकवले ते याच क्षणासाठी, असं मला दर मे महिन्यात वाटतं. संघ सगळा बाद झाला, मग तो बाराव्या षटकात गारद होवो की अठराव्या, भागायचं पूर्ण 20 नंच, हे दुसरं शास्त्र. ही दोन वाक्यं मी अशा आवाजात बोलतो की टपरीवाला स्टोव्ह बारीक करतो. त्याचं म्हणणं, दूध उतू जात असतं.

आयपीएलच्या प्लेऑफचे चार संघ ठरायच्या आठवड्यात माझा भाव वधारतो. एरवी ‘सर, जरा सरका’ म्हणणारे ‘सर, बसा’ म्हणायला लागतात. “मुंबईचं कसं काय, सर?” मी लगेच सांगत नाही. रिपोर्ट हातात आल्याबरोबर डॉक्टर कुठं बोलतो? चष्मा पुसतो, भज्यांचा कागद उलटा करतो आणि आराखडा मांडतो. मुंबईनं हैदराबादला सणकून हरवावं, कोलकात्यानं राजस्थानला हरवावं पण फार नाही, आणि बंगळुरूत पाऊस पडावा. पावसापाशी टपरी गप्प होते. पावसाचा अंदाज बांधायची आमच्या जिल्ह्याला सवय आहे, तो खरा ठरायची नाही.

समोरच्या बाकावर हार्डवेअरवाले शेठ असतात. चेन्नईचे. म्हणजे दुकान बीडात, घर बीडात, फक्त जीव चेन्नईत. मी एकदा म्हणालो, “शेठ, मुंबई निदान आपल्या राज्यात तरी आहे.” शेठ म्हणाले, “राज्यात हाय म्हणून काय पाणी देती का आपल्याला?” नेट रनरेटवाल्याला असल्या युक्तिवादाचं उत्तर देता येत नाही.

आता 2014 ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. घरी ती सांगायला बंदी आहे, म्हणून इथं. त्या वर्षी मुंबईनं अमिरातीत झालेले पहिले पाचही सामने घालवले होते. संपला विषय, असं सगळे म्हणाले. मी नाही म्हणालो. 25 मे, वानखेडे. राजस्थाननं 4 बाद 189 केल्या. आता नुसतं जिंकून भागत नव्हतं, 190 धावा 14.3 षटकांत करायच्या होत्या. साडेचौदा, लक्षात आलं ना? कोरे अँडरसन नावाचा न्यूझीलंडचा गडी उभा राहिला आणि त्यानं 44 चेंडूंत नाबाद 95 ठोकल्या. 14.3 ला स्कोअर बरोबर 189. बरोबरी! त्याच चेंडूवर रायुडू धावबाद. शेठ उठून चप्पल घालायला लागले. “संपलं, सर. तुमचं साडेचौदा झालं.” मी म्हणालो, “थांबा.” कारण बरोबरी झाल्यावर हिशेब बदलतो! पुढच्या चेंडूवर नुसती धाव चालणार नव्हती, पण चौकार गेला तर सरासरी राजस्थानच्या वर जात होती. हे मी बसल्या जागी, तोंडी काढलं. माझं काढून होईपर्यंत वानखेडेवरच्या लोकांनीही काढलं होतं, पण त्यांच्याकडे यंत्रं होती. आदित्य तरे आला. फॉकनरनं पायांवर फुलटॉस टाकला आणि तरेनं तो उचलून थेट प्रेक्षकांत दिला. 14.4 षटकांत 195. तिकडं राजस्थानच्या गोटात द्रविडनं टोपी जमिनीवर आपटली. द्रविडनं! ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ आयुष्यात हलली नव्हती, त्याची टोपी एका अपूर्णांकानं काढायला लावली.

तीन दिवसांनी एलिमिनेटरमध्ये चेन्नईनं आम्हाला घरी पाठवलं. शेठ ही गोष्ट तिथूनच सुरू करतात.

2021 मध्ये मात्र गणितानं माझीच परीक्षा पाहिली. शेवटच्या सामन्यात मुंबईनं हैदराबादला 171 धावांनी हरवलं तरच प्लेऑफ. एकशे एकाहत्तर! टपरी हसली. मी कागद उलटा केला. ईशान किशननं 32 चेंडूंत 84 मारल्या, सूर्यकुमारनं 82, धावा झाल्या 235. म्हणजे समोरच्यांना फक्त 64 वर रोखायचं. “गणितात अशक्य असं काही नसतं,” हे वाक्य मी बोललो तेव्हा हैदराबादच्या 40 होऊन गेल्या होत्या. जिंकलो 42 धावांनी. बाहेर.

शेठचा हिशेबही चुकता झाला म्हणा. 18 मे 2024 ला बंगळुरूविरुद्ध चेन्नईला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती. 219 च्या पाठलागात 201 झाल्या असत्या तर हरूनही आत. शेवटच्या षटकात 17 हव्या होत्या. धोनीनं पहिला चेंडू पार मैदानाबाहेर भिरकावला, शेठनी अख्ख्या टपरीचा चहा सांगितला, आणि दुसऱ्या चेंडूवर धोनी झेलबाद. चहा आला तेव्हा शेठ नव्हते.

171 वरून आठवलं. 2024 मध्येच, 6 फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. 245 चा पाठलाग, भारत 4 बाद 32. तिथून कप्तान उदय सहारन आणि आपल्या बीडच्या सचिन धसनं भागीदारी केली ती 171 ची. धस 95 चेंडूंत 96 वर बाद झाला आणि भारत दोन गडी राखून फायनलला गेला. या पोरानं बीडमध्ये सराव केला त्या पिचला पाणी मारायला टँकर मागवावा लागायचा, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. ज्या गावात टँकर आला की माणसं हंडे घेऊन पळतात, तिथं एका बापानं तो मातीवर ओतला. याचा रनरेट मला काढता येत नाही.

आणि मांडव्याचा अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातला, तीन हजार मीटर स्टीपलचेस पळणारा. या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून जावं लागतं. आमच्या आष्टीचा माणूस एवढं पाणी एका जागी दिसलं तर मुक्कामच करील, हा उडी मारून पुढं जातो. 30 जुलै 2021, टोकियो. 8 मिनिटं 18.12 सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि तरी फायनलला नाही. कारण नियम असा, की तीन हीट, प्रत्येकीतले पहिले तीन आत, शिवाय उरलेल्यांतले सहा वेगवान. अविनाशची हीट जोरकस निघाली, तो सातवा आला. दुसऱ्याच एका हीटमधून त्याच्यापेक्षा हळू पळालेले आत गेले. बाहेर राहिलेल्यांत सगळ्यात वेगवान हाच. मुंबईचा 171 चा हिशेब करायला जी टपरी त्याच वर्षी मध्यरात्रीपर्यंत जागली, तिथं या आठ मिनिटांचा कागद कुणी उलटा केला नाही. हा नियम बरोबर की चूक, याच्यावर एक कप चहासुद्धा थंड झाला नाही. लोक म्हणाले, “बिचारा.” बिचारा कशाचा? तीन वर्षांनी पॅरिसला त्याच शर्यतीच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये जाणारा तो पहिला भारतीय पुरुष झाला, तेव्हा आमच्यात वाद चालला होता तो रोहितला मुंबईच्या कप्तानीवरून काढलं त्याचा.

हे मी यंदा जरा वरच्या पट्टीत बोललो. टपरी चिडीचूप. शेठ खाली बघायला लागले. कोपऱ्यात पोलिस भरतीची तयारी करणारा एक पोरगा बसला होता, पहाटे चारला नगर रोडला पळतो तो. माझा जुना विद्यार्थी, अपूर्णांकात कच्चा. तो म्हणाला, “सर, हे समदं बराबर हाय. पण ग्राउंडचं मेरिट कितीवर लागंल, ते काढता येतंय का?”

मी कागद ओढला. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत, 20 पैकी 20. शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. झाले 50. पुढं लेखी 100 गुणांची. जागा किती? अर्ज किती? प्रवर्ग कोणता? समांतर आरक्षण? शेठही बाकावरून पुढं सरकले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूनं गणित करत होतो आणि दोघांनाही ते सुटत नव्हतं. एका जागेमागं दहा जणांना लेखीला बोलावतात, पण त्या दहांत शेवटचा कितीवर थांबेल हे मैदान संपल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

“जाऊ द्या, सर,” पोरगा म्हणाला. “माझी बॅच सकाळची पडली म्हंजे झालं. दुपारी उन्हात पळायचं म्हणलं की दहा-पंधरा सेकंद जातेत.”

“बॅच कशावरून ठरते?” मी विचारलं.

“ते तर अविनाशदादालाबी कळलं न्हाई.”

शेठ हसले. मी म्हणालो, ऊन, वारा आणि मैदानाची माती धरून एक सूत्र तयार करता येईल, दोन दिवस द्या. पोरगा उठला, बुटाची नाडी बांधली, टपरीवाल्याकडं बघून म्हणाला, “सरांच्या नावावर लिहा. मुंबई बाहेर पडलीय, आता दोन दिवस सर मोकळेच हायत.”

“बाहेर कुठं पडलीय?” मी ओरडलो. “बंगळुरूत पाऊस पडला तर...”