शिव्या खायला एक परका हवा

मार्च उजाडतो, परीक्षांचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटतं आणि घरोघरी एक जुना वाद पुन्हा बाहेर निघतो. "सगळं नेटवर आहे, एजंटाच्या घशात पैसे कशाला घालायचे?" असा एक पक्ष. "पैसे गेले तरी चालतील, डोक्याला ताप नको," असा दुसरा. दोन्ही पक्षांचे तराजू पैसा आणि ताप एवढंच तोलतात, म्हणून दर वर्षी वाद बरोबरीत सुटतो आणि शेवटी सगळे महाबळेश्वरला जातात. माझं म्हणणं असं, की तराजूत मूळ माल अजून पडलेलाच नाही. हॉटेल हॉटेलवाल्याचं, गाडी ड्रायव्हरची, डोंगर सरकारचा. मग एजंटाच्या पदरचं त्यात असतं काय? तो स्वतः. काही बिनसलं तर चिडायला कुटुंबाबाहेरचा एक माणूस, हा त्याचा खरा माल. तो आपल्याला लागतो की नाही हे खिसा चाचपून कळायचं नाही, त्यासाठी घरातली डोकी मोजावी लागतात.

डोकी मोजूनच बघू. समजा, मे महिन्यात नऊ जण सिक्कीम-दार्जिलिंगला निघालेत: आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, पुण्याची आत्या आणि दोन नातवंडं. एजंट नको, असं एकमतानं ठरलं. एकमतानं ठरलं म्हणजे एजंट नेमला गेलाच, फक्त तो घरातला धाकटा मुलगा निघाला. बिनपगारी, आणि राजीनामा द्यायची सोय नसलेला. त्याची पहिली परीक्षा रेल्वे घेते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला तो लॅपटॉपसमोर बसलेला हवा. बसतोही. पण आयआरसीटीसीच्या एका तिकिटावर सहाच प्रवासी मावतात. नऊ जणांचं कुटुंब सहा आणि तीन असं फोडणं भाग आहे, आणि तिघांत कोण, हा प्रश्न गणिताचा उरत नाही. मोठी सून तिघांत टाकली तर तिला वगळल्यासारखं होतं. आत्याला टाकलं तर ती "मी काय, परकीच," म्हणून मोकळी. आजोबांना खालचा बर्थ पाहिजे, आणि आजोबांच्या समोरचा बर्थ आजींना नको आहे. हा निर्णय रेल्वेच्या खिडकीमागच्या कारकुनानं किंवा एजंटानं केला असता तर तो नशिबाचा भाग ठरला असता. धाकट्यानं केला, म्हणून तो त्याचा स्वभाव ठरतो.

पुढे सिलिगुडीहून गंगटोकपर्यंतचा रस्ता. तिस्तेच्या काठाकाठानं साधारण सव्वाशे किलोमीटर, वाटेत दरड आली तर वेळेचा भरवसा नाही. दरड कोसळली याचा दोष खरं तर हिमालयाच्या तरुण, ठिसूळ खडकाकडे जातो, पण हिमालयाशी भांडून समाधान मिळत नाही. गाडीत चार तास अडकलेल्या नऊ माणसांना तोंडाजवळचा, मराठी समजणारा आरोपी लागतो. गंगटोकला पोचल्यावर हॉटेल. उतारावरच्या या गावांत पुष्कळ हॉटेलांचं दार रस्त्याच्या पातळीला असतं आणि खोल्या तिथून खाली उतरत जातात. म्हणजे तिसरा मजला हा पाताळातला तिसरा. आजींचे गुडघे वर चढताना दुखतात आणि उतरताना जास्त दुखतात. "फोटोत दिसलं नाही का रे तुला?" या प्रश्नानं सुरुवात होते. रात्रीपर्यंत विषय हॉटेलचा राहत नाही, तो वास्तुशांतीला कोणी किती आहेर केला होता तिथवर मागे जातो. हेच हॉटेल एजंटानं दिलं असतं, तर नऊच्या नऊ जणांनी एका सुरात त्याचा उद्धार केला असता, आणि दोन्ही जावा कित्येक महिन्यांनी एकाच बाजूला उभ्या दिसल्या असत्या.

हा विचार काही टूर कंपन्यांच्या जाहिरातीतून आलेला नाही, तो आपल्याकडे फार आधीपासून आहे. आळंदी ते पंढरपूर हा आपल्या मुलखातला सगळ्यात मोठा पायी समूहप्रवास, आणि तो अगदी काटेकोर आखलेला. दिंडीत नाव घालायचं, जेवणा-मुक्कामासाठी भिशी भरायची, सामान ट्रकवर, रथापुढे आणि रथामागे दिंड्यांना ठरलेले क्रमांक. पण मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती मुक्कामावरची समाजआरती. चोपदार चोप उंचावतो, सगळीकडे शांतता होते, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. भक्तीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसांचीही तक्रार असणार, ती दाबली तर वाटेत भांडण होणार, आणि म्हणून ती ऐकायला नात्यागोत्याबाहेरचा, हातात चांदीचा दंड असलेला एक माणूस पाहिजे, हे वारीनं ओळखलं होतं. सिक्कीमला निघालेल्या नऊ जणांत टाळ वाजवणारे नऊ असतात आणि चोपदार एकही नसतो.

"पण एजंट महाग पडतो." पडतो, कशाला नाही म्हणा. पॅकेजवर पाच टक्के जीएसटी दिसतोच, त्याचा नफा दिसत नाही पण असतो. उलट बाजूनं, वर्षभर खोल्या घेणाऱ्याला हॉटेलवाला जो भाव देतो तो आपल्याला देत नाही, म्हणून फरक वाटतो तेवढा नसतो. कधीकधी तर तो उलटाही निघतो. तरी मान्य करू, की चार पैसे जास्त जातात. ते चार पैसे म्हणजे शिव्या खाण्याचं मानधन आहे. घरातला माणूस तेच काम फुकट करतो असं वाटतं, पण त्याची वसुली दिवाळीपर्यंत चालू राहते. शिवाय कायद्यानंसुद्धा हा भेद ओळखलाय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे एजंटानं कबूल केलेलं दिलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. मात्र फुकट दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे धाकट्या दिराविरुद्ध आयोगात जायची वाट वकिलांनी आधीच बुजवून ठेवली आहे. ते भांडण जेवणाच्या टेबलावरच लढावं लागतं.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की एजंट फसवतो. इथे मला त्याची वकिली करायची नाही. करारपत्रात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत "किंवा तत्सम" असे दोन शब्द असतात, आणि सगळा प्रवास या दोन शब्दांवर तरंगत असतो. शाळेत आपण शिकलो, की संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तत्सम, आणि येता येता रूप बदललेला तो तद्भव. कागदावर तत्सम असलेलं हॉटेल प्रत्यक्षात हमखास तद्भव निघतं: मूळ धातू ओळखू येतो, पण गरम पाण्याचा लोप झालेला असतो. त्याशिवाय "पॅकेजमध्ये समाविष्ट नाही" ही यादी समाविष्ट गोष्टींपेक्षा लांब. या सगळ्यावर उपाय सही करण्यापूर्वी हॉटेलांची नावं लिहून घेणं हाच आहे, आणि तो कंटाळवाणा आहे म्हणून कोणी करत नाही. पण स्वतः आखलेल्या प्रवासात तत्सम-तद्भव होत नाही, असं मात्र कोणी समजू नये. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाला, चार पैसे दक्षिणा मिळवायला. यज्ञाच्या बदल्यात त्यांना बंड भेटलं आणि झाशीचा वेढा आतून बघावा लागला. इतका मोठा बदल कुठल्याही एजंटाच्या "किंवा तत्सम"मध्ये मावणार नाही. गोडसेभटजींनी मात्र त्यातून 'माझा प्रवास' लिहिलं, आपण फार तर एक तारा देऊन मोकळे होतो.

आणि एजंटच बुडाला तर? हेही घडलेलं आहे, आणि लहानसहान ठिकाणी नाही. थॉमस कुक या दारूबंदीवाल्या गृहस्थानं ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे लोकांना माणशी एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं नेलं, तिथून आधुनिक सहलीचा धंदा सुरू झाला म्हणतात. त्याच्या नावाच्या ब्रिटिश कंपनीचं २३ सप्टेंबर २०१९ला दिवाळं वाजलं, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले होते. (त्याच नावाची आपल्याकडची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) पण पुढे काय झालं पाहा: सरकारनं विमानं लावून त्या लोकांना दोन आठवड्यांत घरी आणलं. आपल्याकडे असं सरकारी विमान येईलच याची खात्री मी देत नाही. एवढंच म्हणतो, की दीड लाख माणसं एकाच कंपनीच्या नावानं बोटं मोडत होती म्हणून बातमी झाली. धाकट्या मुलाच्या नियोजनाचं दिवाळं वाजतं तेव्हा बातमी व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटापलीकडे जात नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा राहिला. तरुण पिढी म्हणते, की ग्रुप टूर म्हणजे सहा-सात-आठ: सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. खरं आहे. डोक्यावर एका रंगाच्या टोप्या, मागच्या सीटवर चकलीचा डबा, आणि जगाच्या कुठल्याही टोकाला पोचलं तरी रात्री वरण-भात. पण स्वातंत्र्य एकाचं असतं, फार तर दोघांचं. नऊ स्वतंत्र माणसं गंगटोकच्या एमजी मार्गावर संध्याकाळी सहाला "काय खायचं?" या प्रश्नावर उभी राहिली, की साडेसात वाजतात, मोमोज कुणालाच नको असतात आणि शेवटी सगळे खोलीत जाऊन आत्यानं आणलेल्या दशम्या-चटणी खातात. त्यात आठ दिवसांच्या प्रवासात एखादी एकादशी किंवा संकष्टी येण्याची शक्यता दाट, आणि उत्तर सिक्कीममध्ये साबुदाणा शोधणं हे काम घरच्या माणसाला सांगू नये. सांगितलं की त्याला ते श्रद्धेविषयीचं मत विचारल्यासारखं वाटतं.

शिवाय काही ठिकाणी हा वाद मुळी उरतच नाही. नथू ला ही ४,३१० मीटरवरची चीनच्या हद्दीवरची खिंड गंगटोकहून जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण तिथला परवाना नोंदणीकृत स्थानिक एजंटामार्फतच काढावा लागतो, गाडीही सिक्कीमची लागते, आणि सोमवारी-मंगळवारी खिंड पर्यटकांना बंद. एजंटाच्या नावानं सहा महिने नाकं मुरडणारा धाकटा आदल्या संध्याकाळी पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मुलांचे जन्मदाखले हातात घेऊन बाजारात एजंट शोधत फिरतो, आणि तेव्हा त्याला कळतं की उद्या सोमवार आहे. आदल्या रात्रीच्या बाजारभावात निवडायला फार काही नसतं. अशा वाटेवर एजंट घ्यायचाच आहे, मग तो घरी चहा पीत, सावकाश पारखून घेतलेला बरा.

उलट नवराबायको दोघंच गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला जाणार असतील तर एजंट कशाला? खानावळवाल्या काकूंना फोन लावला की सोलकढी आणि खोली दोन्हींची सोय होते, आणि दोष द्यायला समोर एकच माणूस असतो, ज्याची सवय झालेली असते. चार मित्र असतील तरी नको. मित्रांना शिव्या देता येतात, तीच मैत्रीची व्याख्या. एजंटाची गरज सुरू होते ती जिथे शिव्या देता येत नाहीत अशी नाती गाडीत बसतात तिथे: सासू, व्याही, जावई. एका गाडीत दोन व्याही असतील तर पैशाचा विचारच करू नये.

म्हणून त्या नऊ जणांनी शेवटी एजंट धरला आहे असं समजू. पहाटे साडेतीनला उठून, कानटोप्या चढवून ते दार्जिलिंगच्या टायगर हिलवर उभे आहेत. समोर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा असायला हवं. मे महिना असल्यानं तिथे कुणीतरी ताकात पीठ कालवून आकाशभर फासलंय. अर्धा तास, पाऊण तास. सूर्य मागच्या मागे वर येऊन गेला असावा, कारण हातातली बॅटरी निरुपयोगी झाली आहे. "त्या एजंटाला हे आधी सांगता आलं नसतं?" आजोबा म्हणतात. "मूर्ख आहे मेला," आजी म्हणतात, आणि दोघांचं बऱ्याच दिवसांनी एकमत होतं. मोठी सून सासूबाईंच्या खांद्यावर आपली शाल टाकते. धाकटा मुलगा, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, खुशाल जांभई देतो. तेवढ्यात एजंटाचा माणूस कागदी कपांतून चहा घेऊन येतो आणि निर्लज्जपणे हसून सांगतो, "अक्टूबर में आइए साब, एकदम क्लियर दिखेगा." आत्या पर्समधून पेन काढते आणि त्याचा नंबर विचारते.