जावईबापूंच्या चिमूटभर दारूविषयी

श्रीमान जावईबापू, पुणे यांस शहापूरहून (जि. भंडारा) सासऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उघडं लिहितो आहे, कारण मागणीही तुम्ही उघडीच केलीत. भर पंगतीत, पोळीवर तूप वाढून घेता घेता: "मामा, तुमच्या फॅक्टरीतून चिमूटभर दारू मिळेल का? पिस्तुलाची काडतुसं घरीच भरावी म्हणतो." जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी म्हणजे सासुरवाडीचं कोठार, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आंदण द्यायचं राहूनच गेलं म्हणायचं!

काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तुम्ही डबाभर जमवल्यात. अमेरिकेत म्हणे लोक गॅरेजमध्ये भरतात. भरत असतील. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसं बनवण्याचं यंत्रसुद्धा दारूगोळ्यातच मोजलं जातं. म्हणजे काडतुसं भरायला तुम्ही मागवणार ते 'साधं प्रेस' कायद्याच्या लेखी साधं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. काडतुसामागे चार पैसे वाचवण्याची योजना उत्तमच!

नेमबाज स्वप्नील कुसाळेचं नाव मध्ये आणू नका. पॅरिस ऑलिंपिकला त्याने कांस्य जिंकलं ते पॉइंट टू-टू रायफलवर. त्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, एकदा चेंबली की पुंगळी भंगारात.

तुमचं सेंटर-फायर पिस्तूल वेगळं, मान्य. पण दारू म्हटली की सगळी एकच, हे तुम्हाला शिकवलं कोणी? तोफेची दारू सावकाश जळावी म्हणून जाड दाण्याची, पिस्तुलाची झटकन जळणारी. माप ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. फोडणीत मोहरी टाकावी तशी अंदाजाने टाकलीत आणि एका पुंगळीत दुप्पट पडली, तर पिस्तूल हातातच फुटेल. त्याच हाताला माझ्या मुलीने हळद लावली आहे.

इथवर जावयाचा मान राखून लिहिलं. आता राखवत नाही.

24 जानेवारी 2025 ला याच जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं. किमान 8 कामगार गेले. रोज अंगझडती देऊन आत जाणारे, हीच कामं शिकलेले, नियमांत बांधलेले लोक होते ते. आणि तुम्ही व्हिडिओ पाहून 'चिमूटभर' मागता! चोरी कोणी करायची? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी? लाज वाटायला हवी होती, जावईबापू. पंगतीत मी गप्प बसलो तो केवळ मुलीकडे पाहून.

तीच मुलगी सांगते, तुम्ही रात्री भिंतीवर कागद चिकटवून रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ओढत बसता. सरावाला काडतुसं पुरत नाहीत, परदेशी घ्यायची तर पगार अपुरा, आणि बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात शेजारच्या लेनमधला श्रीमंत पोरगा खोक्यावर खोकी रिकामी करतो. हे ऐकून मात्र राग निम्मा उतरला. एकेक काडतूस मोजत राहायचं तर नेम तरी कसा सुधारायचा?

पण मग हात पसरायचा तो शहापुरात कशाला? काडतुसांचा कारखाना 1869 पासून तुमच्याच पुण्यात, खडकीला आहे. खडकी, वरणगाव आणि आमचं भंडारा, 2021 पासून तिन्ही कारखाने एकाच म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहेत, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच. चार नेमबाज गोळा करा, सह्या घ्या, तिथे अर्ज द्या: स्पर्धेच्या दर्जाचं, एकसारखं, परवडणारं देशी काडतूस द्या. पहिली सही हवी तर माझी घ्या. आणि प्रेस मागवलं असेल, तर आजच रद्द करा.