न्यूट्रलमध्ये कुंभार्ली

गुहागरचा समुद्र चांगला आहे. किनारा लांबच लांब, गर्दी बेताची, व्याडेश्वराच्या देवळातून निघालं की पाच-दहा मिनिटांत पाय ओले. प्रवासवर्णन संपलं. यापुढचं सगळं तिथे पोचायच्या आधीचं आहे, आणि त्यातलं बरंचसं कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर, गटाराच्या काठाशी उभं राहून घडलेलं आहे.

मी गाडी उत्तम चालवतो. हे घरात माझ्याशिवाय कोणी म्हणत नाही, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. सत्तावीस वर्षं एकच मारुती ८०० चालवली. पांढरी. म्हणजे १९९६ साली पांढरी. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही. सोसायटीच्या गेटचा डावा खांब मी धरत नाही, कारण तो खांबच पुढे आलेला आहे. पंधरा वर्षं झाल्यावर गाडीचं पुन्हा पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, दोनदा खालचा पत्रा बदलला. शेवटी २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या पायाखालून रस्ता दिसायला लागला, तेव्हा लेकीने गाडी भंगारात काढायला लावली. मला त्यात एवढं काही वावगं वाटत नव्हतं. खड्डा आधी कळायचा.

मग लेकीने नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात गाडीचा काडीइतकाही दोष नाही, आणि माझ्या नावाशी जोडली गेली तर बिचारीच्या खपावर परिणाम व्हायचा.

ही गाडीसुद्धा ‘छोटी’च म्हणायची. माझी ८०० लांबीला सव्वातीन मीटरच्या जरा पुढे, रुंदीला दीड मीटरच्या आत, वजनाला साधारण साडेसहाशे किलो. बारा इंची चाकांवर ती अशी उभी राहायची की लग्नाच्या हॉलबाहेर लोक तिच्यावर कोपर टेकून गप्पा मारत. नवी छोटी गाडी तिच्याहून हातभर लांब, गोष्टीतल्या बेडकासारखी फुगलेली, आणि वजनात दोन-तीन क्विंटल भरदार. चार मीटरच्या आत मात्र काटेकोर. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. अट एवढीच, की इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. तेव्हापासून कंपन्यांनी टेप हातात घेऊनच गाड्या बेतायला सुरुवात केली. पुढून बघावी तर ऐटदार, आणि डिकीपाशी आल्यावर शिंप्याचं कापड संपल्यासारखी, अशा ज्या गाड्या रस्त्यावर दिसतात, त्यांची शेपूट या करात गेली.

दुसरा फरक म्हणजे ८०० मला कधी बोलली नाही. ही बोलते. पट्टा लावला नाही की कुंई कुंई. दार नीट लागलं नाही की टिंग. मागे घेताना भिंत जवळ आली की आधी सावकाश आणि मग अगदी गळा काढून. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला एवढा आवाज पुरेसा असतो, त्यात गाडीची भर कशाला? शेजारच्या काकांनी यावर मला एक गुप्त औषध दिलं होतं. पट्ट्याच्या खाचेत खुपसायची एक नुसतीच धातूची जीभ. ती बसवली की गाडीला वाटतं साहेबांनी पट्टा लावला. असल्या क्लिपा २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना काढून टाकायला लावल्या, पण काकांनी त्याआधीच चार घेऊन ठेवल्या होत्या. लेकीने ती माझ्या खिशातून काढली, बघितली, आणि काही न बोलता स्वतःच्या पर्समध्ये टाकली. लहानपणी मी तिची बेचकी अशीच जप्त केली होती.

तर मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पुण्याहून निघालो. मी, बायको, लेक, आणि गुहागरच्या ताईसाठी दहा किलो ज्वारी. नवले पुलाजवळ मी सवयीने भाषण केलं. पलीकडून, कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे येणारा लांबलचक उतार दिसला की मला राहवत नाही. “इथे ट्रकवाले गाडी न्यूट्रल करून सोडतात,” मी म्हणालो. “चार पैशांचं डिझेल वाचवायला. मग ब्रेक लागत नाहीत, आणि खाली उभ्या असलेल्या दहा गाड्या चेपतात. परवाने रद्द केले पाहिजेत एकेकाचे!” हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. बायकोने ठेवलं होतं.

खंबाटकीच्या चढावर आमच्या पुढे एक गाडी होती. तिच्या छतातून साताठ वर्षांचं एक पोर कमरेपर्यंत बाहेर काढून उभं केलेलं. हात पसरून वारा खात होतं आणि आतून बाप व्हिडिओ घेत होता. मी हॉर्न दिला तर त्याने मला हात हलवून दाखवला. या छताच्या झरोक्यासाठी लोक हजारो रुपये जास्त मोजतात, आणि मग त्यात स्वतःचं मूल कुंडीतल्या रोपासारखं लावून ठेवतात. मला खरोखर संताप आला. पुढची दहा मिनिटं मी बोलत होतो.

“बाबा,” लेक म्हणाली, “मी कुठे बसायचे?”

मी गप्प झालो. ती बसायचीच नाही. ८०० मध्ये ती पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत उभी राहायची, एक हात माझ्या खांद्यावर, एक आईच्या, आणि तिकडून मला गिअर बदलायला सांगायची.

उंब्रजला चहा झाल्यावर लेक मागे झोपायला गेली आणि पुढच्या सीटवर ज्वारीची पिशवी आली. गाडी सुरू केली. कुंई कुंई. सीटवर दहा किलो बसलेत आणि त्यांनी पट्टा लावलेला नाही, हे गाडीने ओळखलं होतं. क्लिप पर्समध्ये. शेवटी बायकोने मागून वाकून ज्वारीला पट्टा बांधला, आणि गाडी शांत झाली. पाटणपर्यंत तीन वेळा ब्रेक मारावा लागला आणि तिन्ही वेळा माझा डावा हात आपोआप बाजूला जाऊन पिशवीला आडवा लागला. सवय. ८०० मध्ये पुढे बसलेल्या प्रत्येक माणसाला मी असं धरलेलं आहे. एकदा साहेबांना धरलं होतं, त्यांनी गैरसमज करून घेतला.

कोयनानगरला मोठं धरण आहे. लेक झोपली होती, बायको वळणं असली की डोळे मिटून घेते, आणि मी रस्त्याकडे बघत होतो. तेव्हा ते कोणीच पाहिलं नाही.

आणि घाटमाथा आला. खाली हिरवं-निळं कोकण, वर ढग, आणि समोर पोफळीपर्यंत नुसता उतार. उतार दिसला की माझा हात गिअरकडे जातो. हे माझ्या रक्तात आहे. वडील सायकलवरून उतारावर पाय मारत नसत, मी स्कूटर बंद करून सोडायचो, आणि ८०० ला तर मी घाटात पेट्रोलची चव कळू दिली नाही. मी न्यूट्रल केलं. नवले पुलाचं माझ्या मनातही आलं नाही. ते ट्रकवाल्यांसाठी होतं. शिवाय या गाडीला एबीएस होतं, आणि एबीएस म्हणजे ब्रेकचा काहीतरी मोठा भाऊ, अशी माझी समजूत होती.

पहिली पाच-सहा वळणं झकास गेली. मग वास आला. जळका.

“पुढच्या ट्रकचा आहे,” मी म्हणालो.

“कोणीतरी टायर जाळतंय,” बायको डोळे मिटूनच म्हणाली.

दोन वळणांनी पुढचा ट्रक बाजूला थांबला, आम्ही त्याला मागे टाकलं, आणि वास आमच्याबरोबर आला. मी ब्रेक दाबला. पेडल मळलेल्या कणकेत पाय घातल्यासारखं आत गेलं. गाडी जरा विचार करून थोडीशी हळू झाली. पुन्हा दाबला, आणखी आत गेलं. समोर वळण, वळणावर कठडा, कठड्यावर ‘अति घाई संकटात नेई’. मला अजिबात घाई नव्हती हो! मला उभं राहायचं होतं.

“बाबा, गिअरमध्ये टाक!” मागून आवाज आला. ती कधी जागी झाली कोण जाणे. “दुसऱ्यात टाक! क्लच, दुसरा, सोड हळू!”

तीच फट, तोच हुकूम, पंचवीस वर्षांनी. मी दुसरा टाकला. गाडी एवढ्या मोठ्याने ओरडली की मला वाटलं इंजिन बाहेर येतंय, पण कोणीतरी मागून सदरा धरल्यासारखी तिची चाल मोडली. मग पहिला. मग हँडब्रेक, हळूहळू, आणि डोंगराच्या बाजूला गटाराशी नेऊन चाक दगडाला टेकवलं. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. माझा डावा हात ज्वारीवर होता.

खाली उतरलो. पाय लटपटत होते ते घाटातल्या वाऱ्याने, असं मी सांगितलं. बिसलेरीची बाटली उघडली आणि चाकावर ओतणार, तेवढ्यात मघाचा ट्रक येऊन थांबला. वरून आवाज आला, “पानी वतू नका काका! लाल तापलीय डिश. पानी वतलं तर वाकडी हुईल, न्हाईतर तडकंल.”

तो उतरला. कांदे घेऊन चिपळूणला निघाला होता, वय लेकीएवढंच. चाकाशी वाकला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. “न्यूट्रल केलती व्हय?”

मी दरीकडे बघितलं. बायको म्हणाली, “केलती.”

“ज्या गिअरात गाडी चढंल, त्याच गिअरात उतरवायची, काका. बिरेक थांबायला असतोय, उतरायला न्हाई.” एवढं सांगून तो कठड्यावर बसला आणि त्याने आम्हाला अर्धा तास सोबत केली. ज्यांचे परवाने मी सकाळी रद्द केले होते, त्यांच्यातलाच हा एक. त्याने आणखी एक सांगितलं, ते मी नवीनच शिकलो. छोट्या गाडीने ट्रकच्या डाव्या दाराला चिकटून कधी चालायचं नाही. तिथे केबिनमधून ती दिसतच नाही. “तुमाला आमचा आरसा दिसंना, तर आमाला तुमी दिसंना.” जाताना कांदे देत होता, पण पुढच्या सीटवर आणखी कोणाला बसवायची माझी तयारी नव्हती.

ब्रेक थंड होईपर्यंत लेकीने माझी शाळा घेतली. एबीएस ब्रेकला थंड करत नाही. ते जोराचा ब्रेक लागल्यावर चाकं जाम होऊ देत नाही, सेकंदात कित्येकदा दाब सोडतं आणि धरतं, म्हणजे स्टिअरिंग आपल्या हातात राहतं. ब्रेकचं तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, मग पाय कितीही आपटा, नुसती वाफ दाबली जाते. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. मग तिने खरा घाव घातला. “आणि बाबा, पेट्रोलही वाचलं नाही. आताच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की इंजिनचं पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंस तर ते चालू ठेवायला पेट्रोल लागतं.”

म्हणजे घाटमाथ्यापासून इथपर्यंत मी जीव धोक्यात घालून पेट्रोल जास्त जाळत आलो होतो. ब्रेकचं दुःख मी पचवलं असतं, हे नाही पचलं.

मी विषय ८०० कडे वळवला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली ठेवली. किंमत पन्नास हजारांच्या आत, आणि देश तिच्यात बसून हिंडला. लेक म्हणाली, “हो, आणि २०१४ मध्ये आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या चाचणीत ताशी ६४ किलोमीटरने आपटल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षिततेला पाचही जणींना भोपळा मिळाला. ८०० तर त्यांच्याही आधीची.” पुढे २०१८ मध्ये आपल्या रांजणगावात बनणाऱ्या एका गाडीने, तीही चार मीटरच्या आतली, पहिल्यांदा पाच तारे आणले. २०१९ पासून एबीएस आणि ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची झाली, ती कुंई कुंईसुद्धा.

“तरी तुला कधी खरचटलं नाही,” मी म्हणालो. “माझा हात होता ना.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिने पिशवीकडे बोट दाखवलं. “मी दीड वर्षाची असताना एवढीच होते ना, दहा किलो? पन्नासच्या वेगात गाडी आपटून अर्ध्या मीटरात थांबली, तर हे दहा किलो दोनशे किलोंच्या जोराने पुढे जाणार. धरशील?”

मला वीस किलोचा गव्हाचा कट्टा उचलताना कमरेचा पट्टा लागतो. मी पिशवीकडे बघत राहिलो. दिवे आगर, महाबळेश्वर, तुळजापूर, एकदा रात्रीच्या पावसात नाशिक. प्रत्येक वेळी ती मधल्या फटीत उभी, आणि मी एका हाताच्या भरवशावर निवांत. बायकोही बघत होती. ती तर तिला मांडीवर घेऊन पुढेच बसायची.

“चला,” बायको म्हणाली, “ताई जेवायची थांबली असेल.”

किल्ली लेकीने घेतली. मी पुढे बसलो, पट्टा लावला, कोणी न सांगता. ज्वारी मागे बायकोच्या शेजारी गेली. तीही पट्ट्यात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत, एकेक वळण मोजत उतरली. कंटाळवाणी, पण उतरली. पोफळी मागे पडली, ब्रेक दाखवायला चिपळूणला थांबायचं ठरलं, घरं लागली, लाल माती लागली. आणि एका अंगणातून एक म्हैस कोणालाही न विचारता रस्त्यावर आली.

लेकीने ब्रेक मारला. गाडी थांबली, सरळ रेषेत, म्हशीपासून चांगली दोन हातांवर. माझा पट्टा खांद्याशी घट्ट झाला. त्या पट्ट्यावर, माझ्या छातीवर, लेकीचा डावा हात आडवा पसरलेला होता.

तिने हाताकडे बघितलं, मी बघितलं. म्हैस आम्हा दोघांकडे बघत रवंथ करत होती.

“ज्वारी बरी आहे,” मागून बायको म्हणाली.