शैली दाखवा, पण बेतानं!

मुलाखतीला जाताना ‘स्वतःची शैली’ जपा, हा सल्ला हल्ली फुकट मिळतो आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात पैसे भरूनही मिळतो. गंमत त्याच्या पुढच्या वाक्यात असते. शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, पँट गडद, पट्टा बुटांच्या रंगाचा, दागिने नावापुरते, अत्तर नकोच. एवढं पाळून उमेदवाराच्या अंगावर जी जागा मोकळी उरते, तिच्यात शैली मांडायची. ती जागा साधारण मोज्यांएवढी भरते. माझं म्हणणं असं की शैली मिरवायची मुभा, ज्याचं त्या नोकरीवाचून अडत नाही, त्यालाच असते. बाकीच्यांना तिची फक्त शिकवणी लावता येते.

याचा पुरावा बुऱ्हाणपुरातच आहे. नोव्हेंबर 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथे शहजादा परवेझपुढे उभा राहिला. इंग्रजांना गावात वखार हवी होती, म्हणजे मामला अर्जदाराचाच. जमिनीला डोकं टेकवा, असं सांगितल्यावर रोनं साफ नकार दिला. वर खुर्ची मागितली. ती मिळाली नाही, पण चांदीच्या खांबाला टेकायची सवलत मिळाली. त्याचा नंतरचा पाद्री टेरी लिहितो की वकिलाच्या मंडळींनी इथल्या उन्हातही इंग्रजी पोशाख सोडला नाही, फक्त हलका शिवून घेतला. नोकरांना तर तांबड्या तफेत्याचे, हिरव्या किनारीचे झगे. आणि परवेझनं वखारीला होकार दिला! वर्गचालकांनी टाळ्या वाजवण्याआधी रोची रोजनिशी पुढे वाचावी. नजराण्यात बाटल्यांची पेटी होती, आणि शहजादा त्या पेटीत एवढा रमला की ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. तेव्हा होकार पोशाखाला मिळाला की पेटीला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पुढच्याच वर्षी अजमेरहून दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या परवेझच्या भावानं, शहजादा खुर्रमनं, आपला वापरलेला जरीचा झगा रोच्या अंगावर चढवला. नाटकातल्या तैमूरलंगाला हा शोभला असता, असं रोनं लिहून ठेवलं, पण झगा घेतला. राजाचा वकीलसुद्धा ‘साहेबांना आवडतं ते’ घालून बाहेर पडला!

यावर कुणी जोतीराव फुल्यांचं नाव घेईल. 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्काराला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले, हे खरं. पण ते नेमणुकीचं पत्र मागायला गेले नव्हते, शेतकऱ्याची दैना सांगायला गेले होते आणि तो वेश हाच त्यांचा युक्तिवाद होता. उलट बाजूनं बाबासाहेबांचा सूट पाहा. जातीनं ज्यांना काय नेसायचं आणि काय नाही हे बजावलं, त्यांच्यासाठी त्या सुटाइतका धीट पोशाख दुसरा नव्हता. म्हणून घरातल्या पहिल्या पदवीधराच्या फिकट निळ्या शर्टाला मी हसणार नाही. हसू येतं ते त्याला आता ‘थोडं वेगळं काही’ आण म्हणणाऱ्यांचं.

आक्षेप आणखी एक आहे आणि तो बुऱ्हाणपूरजवळच्या लोधीपुऱ्यातूनच येतो. दर्गाह-ए-हकीमीला येणाऱ्या बोहरा बायकांचे रिदा पाहा. बेत एकच, पण रंग, लेस आणि भरतकाम जिचं तिचं. गणवेशातही शैली राहते ती अशी. कबूल. फक्त तिथे बघणाऱ्या नजरेला लेस वाचता येते. मुलाखतीच्या टेबलापलीकडचे तिघे फाईल वाचत असतात, आणि त्यांच्या अंगावरच्या शर्टांवरून त्यांना शैलीचे गुण द्यायचे ठरले, तर मंडळच नापास व्हायचं. नीटनेटकेपणानं चांगलं मत होतं म्हणाल, तर जरूर होतं. पण त्याला धोबी पुरतो, सल्लागार लागत नाही.

कॉलर ताठ ठेवणारं बुक्रम बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर विणलं जातं. बनियनवर मागापुढे उभ्या कारागिराला शेठ एवढंच बघून कामावर ठेवतो, की तुटलेला धागा हा किती चटकन जोडतो. भरती करणाऱ्या मोठ्या कार्यालयांनी ही रीत एकदा वापरून पाहावी. आणि उमेदवारांनो, शर्ट धुतलेला घाला, कागदपत्रांच्या दोन झेरॉक्स जास्त घ्या आणि शैली नोकरी कायम झाल्यावर बाहेर काढा.