घरच्या घरी कोळंबी-संवर्धन: वारजेकरांसाठी प्राथमिक धडे

वारज्यातल्या टू-बीएचकेत कुत्रा सोसायटी चालू देत नाही आणि मांजर सासूबाई. मासे काय, कोणीही पाळतं. तुम्ही श्रिंप पाळा. त्यातही चेरी श्रिंप. मूळची तैवान-दक्षिण चीनकडची, लालचुटुक, लांबी दोन-अडीच सेंटीमीटर. म्हणजे जवळ्यापेक्षा जरा थोराड. ही तुलना घरात मोठ्याने करू नका. कांदा चिरायला घेतला जातो.

१. टाकी आणा, वाळू, शेवाळ, स्पंज फिल्टर सगळं लावा आणि आत काहीही सोडू नका. किमान महिनाभर. याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात. विष्ठेतून आणि कुजलेल्या पानांतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू या काळात वस्तीला येतात. पाहुणे विचारतील, "मासे कुठायत?" शांतपणे सांगा, "जिवाणू आहेत." पाहुणे लवकर उठतील, हा फायदा वेगळा.

२. पाण्याचा विषय निघाला की गंभीर व्हा. वारज्यात जलशुद्धीकरण केंद्र आहे, त्याचा अभिमान बाळगा. पण नळाच्या पाण्यातल्या ज्या क्लोरीनवर तुमची तब्येत टिकून आहे, तोच श्रिंपना मारतो. म्हणून बादली चोवीस तास उघडी ठेवा. अंघोळीला तांब्या घेऊन आलेल्या माणसाला त्या बादलीपासून लांब ठेवा. तांब्या खरंच तांब्याचा असेल तर अधिकच लांब; तुम्हाला आरोग्यदायी वाटणारं तांब्यातलं पाणी श्रिंपना घातक असतं. पेपरात 'गुरुवारी पाणी बंद' अशी चौकट दिसली की बुधवारी आधी श्रिंपचं पाणी भरा, मग पिण्याचं. टँकरचं पाणी चुकूनही नको. ते तुम्ही प्या.

३. खरेदी दर्जा पाहून करा. साधी चेरी, साकुरा, फायर रेड, पेंटेड फायर रेड अशी चढती भाजणी आहे. फरक फक्त लाल रंग किती दाट, एवढाच. दरातला फरक मात्र सोन्याच्या कॅरेटसारखा. माझी पहिली दहा कुरिअरने आली. खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ असेल तरच मेलेल्यांची भरपाई, अशी विक्रेत्याची अट होती. मी चाकू चालवत होतो, मुलगा मोबाइल धरून होता, थर्माकोलचे दाणे पंख्याने घरभर उडत होते. तीन गेलेली निघाली. व्हिडिओत माझा अंगठा निघाला.

४. एप्रिल-मे. पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकला की तिशीपलीकडचं पाणी श्रिंपना सोसत नाही. टाकीवर छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडा. फ्रीजरमधले मटार त्यासाठी हलवावे लागतील. सासूबाईंच्या खोलीत एसी नाही, हा मुद्दा याच आठवड्यात निघेल. तेव्हा टाकीकडे बघू नका.

५. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर टाकी झाकून पंप बंद ठेवा, किंवा झुरळांशी समझोता करा. झुरळाचं औषध श्रिंपना नात्यातलंच समजतं.

६. आता पैदास. इथे तुम्हाला काहीच करायचं नाही, हे मान्य करायला सर्वांत जड जातं. मादी कात टाकते, पाण्यात तिचा गंध पसरतो आणि टाकीतले सगळे नर लग्नाच्या मांडवात वीज गेल्यासारखे सैरावैरा पळत सुटतात. तळाला पडलेली पारदर्शक कात पाहून नवशिके रडतात. रडू नका, ती कात आहे. (मीही रडलो होतो.) मग मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतात. पायांनी ती सतत वारा घालत असते. टॉर्च लावून पाहा: तीनेक आठवड्यांनी अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते डोळे. इतकं नीट तुम्ही पोरांच्या प्रगतिपुस्तकातही पाहिलेलं नसेल.

फक्त एक चूक करा, सगळे करतात: हौसेने निळी श्रिंपही त्याच टाकीत सोडा. दोन्ही एकाच जातीची, सोयरीक लगेच जमते. दोन-चार पिढ्यांत लाल नाही, निळी नाही, ओढ्यातल्यासारखी मातकट प्रजा तयार होते. निसर्गाला पेंटेड फायर रेडचा दर माहीत नसतो.

७. विक्री. पिल्लं अडीच-तीन महिन्यांत वयात येतात, म्हणजे वर्षाच्या आत दहाची दोन-तीनशे होतात. तुम्ही दुकानात जाल. दुकानदार काउंटरखालची बादली दाखवेल. तुमच्या आधी सुरू केलेल्या चौघांची श्रिंप त्यात असते, बहुतेक फुकट आलेली.

माझ्याकडे सध्या अंदाजे अडीचशे आहेत, सगळी मातकट, ठणठणीत. हवी असतील तर संध्याकाळी सातनंतर या, झाकणाची बरणी घेऊन. गुरुवार सोडून.