सेल्फ न घेणाऱ्या ट्रकवरचे शास्त्रोक्त उपचार

जुना ट्रक सकाळी सेल्फ घेत नसेल, तर सर्वप्रथम बॉनेट उघडू नये. उघडल्यास दोष सापडण्याचा धोका असतो.

आधी भूगोल पाहावा. धाराशिव जिल्ह्याला बालाघाट दिलाय तो उगीच नव्हे. तुळजापूर, येडशी, येरमाळा या पट्ट्यात गाडी रात्री उतारावर लावायची, सकाळी चाकाखालचा दगड काढायचा आणि दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यंत्रानेच चालतो. एकदा धडधडलं की ते बॅटरीला विचारत नाही, आणि बंद करायलाही तारच ओढायची. त्यामुळे मेलेल्या बॅटरीवर लोक उसाचा हंगाम काढतात. परंड्याकडं मात्र सीनेच्या खोऱ्यात ही सोय नाही. तिथला किल्लासुद्धा भुईकोट. तिथं माणसं बोलवावी लागतात, आणि धक्का द्यायला चार आले की सल्ला द्यायला अकरा येतात.

अकरांचं एकमत होतं ते खर्चावर. पहिल्या दिवशी नवी बॅटरी, मग डायनामो (गाडीत अल्टरनेटर असला तरी त्याला डायनामोच म्हणावं), मग सेल्फचं आर्मेचर. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी सगळ्यांत स्वस्त, म्हणून तिच्याकडं शेवटपर्यंत बघायचं नाही, असा संकेत आहे.

ज्याला संकेत मोडायचा असेल त्याने हेडलाईट लावून सेल्फ मारावा. लाईट मरगळला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. लाईट झगझगीत आणि सेल्फ गप्प, तर सोलेनॉइड, त्याची वायर नाहीतर झिजलेले कार्बन. सेल्फ नुसता घरघरतोय, इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती प्रसाद समजून जपू नये. केबल सोडवून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. आत किती पाणी आहे हे बघायला काडी मात्र पेटवू नका. चार्जिंगला निघणारा हायड्रोजन विनोद समजत नाही.

आता टेपचा विषय. ट्रक 24 व्होल्टचा, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. टेप 12 चा. मग क्लीनर एकाच बॅटरीवरून वायर ओढतो आणि वजनकाट्याच्या रांगेत रात्रभर गाणी. एकत्र कुटुंबात एकाच भावाने राबावं तसं होतं: एक बॅटरी कायम अर्धपोटी, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळतेय. मग मालक वाईट झालेली एकच बदलतो, आणि नवी-जुनी जोडी पुन्हा तेच नाटक सुरू करते. दोन्ही एकदम बदलाव्यात आणि टेपला 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर लावावा, हे सांगणाऱ्याला रांगेत कुणी चहा पाजत नाही.

दसऱ्याला गाडी धुताना पाइपाची धार थेट डायनामोत आणि सेल्फवर सोडण्याचीही प्रथा आहे. पूजेनंतर गाडी सुरू झाली नाही की दोष मुहूर्ताचा.

एवढं करूनही खात्री पटत नसेल तर मल्टिमीटर आणा. बंद गाडीत प्रत्येक चांगली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. गाडी सुरू करून रेस दिल्यावर जोडीवर 27.5 ते 28.5 आलं पाहिजे. 25 वरच अडकलं तर आधी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघा. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिनाची बॉडी यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ती स्वस्त पट्टी काढा, गंज घासा, नट आवळा.

आणि मीटरवर 28 आलं, तर भंगारवाल्याला दिलेला जुना डायनामो, गाडी सुरू आहे तोवर, जाऊन परत आणा. तो चांगला होता.