मागून उघडते

कॅमेऱ्याच्या बॅगा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो प्रवासी असतो, तो जेवत नाही. तहान त्याला लागते, कारण बाटलीसाठी बाहेर जाळीचा खिसा असतो. पण भूक, थंडी आणि अंघोळ यांच्या तो पार पलीकडे गेलेला असतो. आत सगळे गादीचे कप्पे. ते कसेही हलवा, शेवटी लेन्सच्याच मापाचे होतात. एकात टॉवेल कोंबून पाहिला. बसला. लेन्स बाहेर राहिली.

शिवाय गादीला वजन असतं. मला आवडलेली बॅग रिकामीच अडीच किलोच्या आसपास भरली. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण 7 किलोची मुभा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, आणि लेन्स तिकडे सोपवावी तर ती पट्ट्यावरून कुठल्या अवस्थेत येईल या काळजीने प्रवासभर पोटात गोळा. म्हणजे मुभेचा तिसरा हिस्सा बॅगेनेच खाल्ला. आपण पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवणला, तेही आपल्या गाडीने चाललोय, हा मुद्दा बायकोने भर दुकानात काढला. मी तो तात्त्विक पातळीवर खोडून काढला.

दुकानातला मुलगा मन लावून शिकवत होता. "काका, वजन खांद्यावर नाही, कमरेच्या हाडावर आलं पाहिजे. हाड कुठंय?"

ही चौकशी गेल्या कित्येक वर्षांत कोणी केली नव्हती. त्याने पट्टा पोटावरून नेऊन पाहिला, पोटाखालून नेऊन पाहिला. शेवटी "असणार इथंच कुठंतरी," असं म्हणून श्रद्धेने बक्कल लावलं आणि हुकमाचं पान टाकलं. बॅगेची मुख्य चेन पुढे नाही, पाठीला टेकते त्या बाजूला. "मागून उघडते. गर्दीत चोराला उघडताच येत नाही."

"भिगवणच्या पाण्यात खिसेकापू फार आहेत का हो?" बायकोने त्याला विचारलं.

घेतली.

उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमेचं पाणी भिगवणपर्यंत पसरलं. हिवाळा सरताना ते उतरू लागतं, गाळाची सपाट जमीन उघडी पडते आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी जमतात. डोकं खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि गाळलेलं खातात. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांनी त्यांचे पंख गुलाबी होतात. खाल्लेलं अंगावर दिसतं, एवढं आमचं साम्य आहे.

कुंभारगावच्या काठावर नुकतं उजाडत होतं. नाववाला विशीतला पोरगा. त्याने आधी लाइफ जॅकेट हातात दिलं. ते बॅगेच्या आत घालायचं, म्हणून बॅग उतरवली. जॅकेट घातलं, बॅग चढवली. आता पोट अधिक जॅकेट एवढा घेर झाल्यामुळे कमरेचा पट्टा वीतभर कमी पडू लागला. श्वास सोडून, नाववाल्याने एक टोक आणि बायकोने दुसरं टोक ओढून बक्कल लावलं. यानंतर मी श्वास घ्यायचा असतो हे दोघंही विसरले.

नाव अरुंद, आणि तळाशी दोन बोटं पाणी. बॅग खाली ठेवायची सोय नाही. इंजिन बंद करून पोरगा बांबूने नाव रेटू लागला. समोर रोहितांचा थवा, ऊन त्यांच्या मागून येतंय, आणि सुमारे दोन किलोची 150-600 लेन्स माझ्या पाठीमागे, माझ्याच पाठीने दाबून बंद केलेल्या दाराआड. चोरांची सोय व्हायला नको म्हणून केलेली ही व्यवस्था. त्या नावेत चोर नव्हता, मालकच होता.

यावर शास्त्रोक्त उपाय आहे. खांद्याचे पट्टे काढायचे, कमरेचा तसाच ठेवायचा आणि बॅग गर्रकन पुढे फिरवायची. ती टेबलासारखी पोटासमोर येते आणि मागचं दार आपल्या तोंडासमोर उघडतं. दुकानात मुलाने हे दोन सेकंदांत केलं होतं. त्याला पोट नव्हतं, आणि दुकान पाण्यावर नव्हतं.

मी उभा राहिलो.

"सर, हालू नका, नाव डुलती!"

"अहो, बसा!"

पण दहाएक किलोचं सामान एकदा फिरायला लागलं की ते कुणाचं ऐकत नाही. बाजूला बांधलेला ट्रायपॉड बायकोच्या डोक्यावरून गेला. ती वेळेवर वाकली, हे आमच्या संसाराचं फलित. बॅग पुढे आली आणि मी मागे, फळीवर आदळलो. चेन ओढली. अर्धी उघडली आणि लाइफ जॅकेटचा बंद दातांत घेऊन अडकली. मागे जाईना, पुढे येईना. दार हनुवटीला टेकलेलं, बक्कल बॅगेखाली गडप, आणि फटीतून लेन्सचं टोपण दिसतंय. बोटं जात होती. लेन्स येत नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या नावेतून एकाने टाळ्या वाजवल्या. पक्षी उडावेत म्हणून! त्याला उडतानाचा फोटो हवा होता. "घे ना आत नाव," असं तो नाववाल्याला सांगत होता. सगळा थवा पाण्यावर पळत सुटला, कारण एवढं लांब अंग उचलायला त्यांना धाव घ्यावी लागते, आणि मग काळ्या कडांचे लाल पंख उघडले. दिसायला सुंदरच होतं. पण कुठून कुठून येऊन पोटभर खात होते बिचारे. एका माणसाच्या हौसेसाठी त्यांना ताटावरून उठवलं. मला त्या माणसाला ट्रायपॉड फेकून मारावासा वाटला. तोही निघेना.

पट्टकादंबही दिसले. हिमालय ओलांडून येतात. सामान शून्य.

आमचा पोरगा म्हणाला, "आमी नाय उडवत. त्यास्नी तरास होतो." मग आपणहून त्याने पळसदेवाच्या बाजूला बांबू दाखवला. पाणी फार उतरलं की तिथलं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. "आज्जीचं घर बी तिकडंच, पाण्यात."

"निघताना काय आणलं असेल हो त्यांनी?" बायकोने विचारलं.

"दार आणलं. सागवानी होतं. नव्या घराच्या चौकटीत बसंना, तर तासून बसवलं. अजून हाय. आज्जी रोज हात लावती त्येला."

बायको त्याला बरंच काही विचारत राहिली: आजीचं वय, गुडघे, धरण भरलं तेव्हा ती किती वर्षांची होती. माझ्या पोटावर दहा किलोची बॅग होती, तरी मला तिचं ओझं आठवलं नाही. नाव काठाला लागली तेव्हा आठवलं. पोराने दातांनी बंद ओढून चेन सोडवली. एव्हाना समोर एक गाय होती.

दुपारी भिगवणला खानावळीत चिलापीचं ताट मागवलं. बॅगेला वेगळी खुर्ची लागली. शेजारच्या टेबलावरचा एक तरुण बराच वेळ तिच्याकडे बघत होता. अखेर उठून आला.

"काका, हीच बॅग घ्यायचा विचार करतोय. कशी आहे?"

"चोराला उघडताच येत नाही," मी म्हणालो.

"भारीच! खूप वापरलीय का?"

"छे," बायको काटा काढता काढता म्हणाली, "फारशी उघडलेलीसुद्धा नाही. घ्यायची का?"